कुंडीतल्या मातीवर पांढरी बुरशी: खरवडण्याआधी वाफसा बघा

प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या तीन कुंड्यांमध्ये मातीवर पांढरी, कापसासारखी बुरशी आली आहे. दोनदा खरवडून काढली, दालचिनीची पूड भुरभुरली, तरी आठ-दहा दिवसांत ती परत आली. मनी प्लांट पंधरा दिवसांपूर्वीच नव्या मातीत लावलेला आहे, स्नेक प्लांट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेच्या कुंडीत आहे, आणि पीस लिलीच्या बुंध्याशीही पांढरं दिसतंय. झाडं मरतील का? सगळी माती टाकून द्यावी का? घरात दम्याचा त्रास असलेलं मूल आहे, त्याला काही होईल का?

पहिल्या दोन कुंड्यांबद्दल निर्धास्त राहा. मातीवर वाढणारी अशी बुरशी जवळजवळ नेहमी मृतोपजीवी असते, म्हणजे मेलेल्या सेंद्रिय पदार्थावर जगणारी. कोकोपीट, कंपोस्टमधल्या अर्धवट कुजलेल्या काड्या, गळून पडलेली पानं हे तिचं अन्न. निरोगी, जिवंत मुळाला ती तोंड लावत नाही. तेव्हा माती फेकू नका. तिसऱ्या कुंडीची मात्र मला थोडी काळजी वाटते, कारण मातीवरची बुरशी आणि बुंध्याला चिकटलेली बुरशी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तिच्याकडे शेवटी येते. मुलाच्या दम्याचा मुद्दाही खरा आहे, त्यावरही सविस्तर लिहिते.

ती परत का येते, ते आधी समजून घ्या. तुम्ही खरवडलात तो बुरशीचा फक्त वर आलेला भाग. तिचे धागे मातीत खालपर्यंत पसरलेले असतात, आणि तिचे बीजाणू, म्हणजे ज्यांतून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण, तर घराघरातल्या हवेत, धुळीत, नव्या मातीच्या पिशवीत सगळीकडे असतात. ते कायमचे नाहीसे करणं कुणालाच शक्य नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे: मातीचा वरचा थर किती दिवस ओला राहतो. शेतीत यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. पाणी दिल्यावर जास्तीचं पाणी निघून जातं, कणांभोवती ओल उरते आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवा शिरते, ती अवस्था. मुळं याच अवस्थेत नीट श्वास घेतात. कुंडीतली माती वेळेवर वाफशावर येत नसली की वर बुरशी दिसते. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं बुरशी दिसली की औषध शोधत असे. आता कुंडी उचलून तिचं वजन बघते, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

पण त्याही आधी ती बुरशीच आहे ना, हे तपासा. 'बुरशी आली' म्हणून मला दाखवलेल्या कुंड्यांमध्ये कितीतरी वेळा क्षार निघाले आहेत. पाण्यातले आणि खतातले क्षार, पाणी उडून गेलं की मातीच्या पृष्ठभागावर आणि कुंडीच्या कडेला साचतात. ते कडक, खरखरीत असतात, नखाने त्यांची खपली निघते. भाजलेल्या मातीच्या कुंडीला बाहेरून येणारा पांढरा फुलोरा बहुतेक वेळा हाच. बुरशी मऊ असते. फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलंत तर धागे दिसतात. स्प्रेने पाणी मारलं की बुरशी चापून बसते, क्षार तसेच राहतात. खपलीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर तो चुनखडीचा क्षार समजा. हे ओळखणं महत्त्वाचं आहे कारण उपाय अगदी उलटे आहेत. क्षारांसाठी कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन माती धुवायची असते. तेच बुरशीच्या कुंडीत केलं तर दुखणं वाढतं.

दुसरी गल्लत पिठ्या ढेकणाची. मुळांवर राहणारा पिठ्या ढेकूण असतो. झाड कुंडीतून अलगद बाहेर काढलं तर मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या मेणाचे ठिपके दिसतात. तो मुळांतला रस शोषतो, त्याचा बंदोबस्त वेगळा. माती मोकळी राहावी म्हणून मिसळतात त्या पर्लाइट या हलक्या खनिजाच्या पांढऱ्या दाण्यांनाही लोक बुरशीची गाठ समजतात. मातीवर हिरवा थर असेल तर ते शेवाळ. कारण तेच, सतत ओल, फक्त तिथे उजेडही पोहोचतो आहे. आणि पानांवर पांढरी भुकटी असेल तर ती भुरी, म्हणजे जिवंत पानावर जगणारी वेगळी बुरशी. मातीवरच्या कापसाशी तिचा संबंध नाही.

कधी कधी एका रात्रीत कुंडीत पिवळीधमक छत्री उगवते. ती ल्युकोकोप्रिनस बर्नबाउमी. नावातला 'बर्नबाउमी' हा भाग १८३९ मध्ये कॉर्डा या कवकशास्त्रज्ञाने दिला, प्रागच्या काचघरात ती ज्याला सापडली त्या बर्नबाउम नावाच्या माणसावरून. म्हणजे कुंड्यांमध्ये आणि काचघरांत तिचा मुक्काम फार जुना आहे. झाडाला तिचा काही त्रास नाही, पण ती खाण्याजोगी नाही. लहान मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर दिसताक्षणी मुळापासून काढून टाका. पिवळा, फेसाळ, ओकारीसारखा गोळा दिसला तर तो श्लेष्मबुरशी या गटातला. नावात बुरशी असली तरी शास्त्रज्ञ आता तिला बुरशीत धरत नाहीत. ती हळूहळू सरकते, जिवाणू खाते आणि काही दिवसांत सुकून जाते.

आता मूळ दुखण्याकडे. घरातल्या झाडाला पाणी जास्त होतं याचं खरं कारण अनेकदा उजेडात असतं. उजेड कमी मिळाला की पानं अन्न कमी बनवतात, त्यांच्यातून बाष्प कमी बाहेर पडतं, मुळं पाणी कमी ओढतात. खिडकीपाशी चार दिवसांत सुकणारी तीच कुंडी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात दहा-बारा दिवस ओली राहते. पण आपण पाणी मात्र वारावर घालतो, दर रविवारी आणि बुधवारी. झाड पीत नसलेलं पाणी मातीत साचतं आणि बुरशीच्या कामी येतं. कुंडी खिडकीकडे दीड-दोन मीटर सरकवली आणि बुरशी कुठलंही औषध न घालता गेली, असं मी खूपदा पाहिलं आहे. म्हणून मी कुणालाही पहिला प्रश्न झाड कुठे ठेवलंय हा विचारते.

पाणी कधी घालायचं हे वारावरून ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. तिथे गार, ओलं लागलं तर थांबा. बोट खराब करायचं नसेल तर लाकडी काडी खोल खोचा, दहा मिनिटांनी काढा. ओल असेल तर लाकूड गडद होतं आणि माती चिकटून येते. सगळ्यांत भरवशाचं म्हणजे वजन. पाणी घातल्यावर लगेच कुंडी उचलून बघा, मग रोज एकदा उचला. आठवडाभरात हाताला अंदाज बसतो. कोकोपीटच्या मिश्रणात तर वजनावरच विसंबा. कोकोपीट वरून फिकट, कोरडं दिसतं आणि आत पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं असतं. त्याच्या रंगाने भलेभले फसतात. साधारण मोजमाप सांगायचं तर पानेदार झाडांच्या कुंडीत वरचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर तीन-चार दिवसांत सुकावा. आठवडा उलटूनही तो ओलाच असेल, तर उजेड, मिश्रण किंवा कुंडीचं माप यांपैकी काहीतरी बिघडलंय.

कुंडीच्या मापाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे एक समजूत फार पक्की बसली आहे: तळाला खडी घातली की निचरा चांगला होतो. प्रत्यक्षात उलट होतं. पाणी बारीक छिद्रांच्या मातीतून मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहज उतरत नाही; माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. निचरा झाल्यावरही प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक चिंब थर उरतोच, त्याची उंची मिश्रणाच्या बारीक-जाडपणावर ठरते. खडी घातली की तोच थर वर, मुळांच्या आणि पृष्ठभागाच्या जवळ येतो. घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, गळणं थांबू द्या. मग तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. उंचीमुळे निचरा कसा वाढतो ते डोळ्यांसमोर दिसतं. म्हणून पसरट, बुटक्या कुंडीत माती जास्त काळ ओली राहते. आणि लहान मुळांच्या झाडाला 'पुढे वाढेल' म्हणून मोठी कुंडी दिली, तर मुळं पोहोचत नाहीत त्या मातीतलं पाणी कुणीच पीत नाही.

मिश्रण मोकळं असावं. नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत घरातल्या झाडांना जड होतं. साधारण तिसरा हिस्सा पर्लाइट, प्युमिस (सच्छिद्र, हलका दगड), जाडसर सालींचे तुकडे किंवा जाड वाळू असली पाहिजे. बारीक वाळू नको, ती पोकळ्या भरून टाकते. खत पूर्ण मुरलेलं हवं: हातात घेतल्यावर पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, मूळचं पान किंवा काडी ओळखू येत नाही. आणि मातीवर वरून काही पसरू नका. चहा-कॉफीचा चोथा, फळांच्या साली, पेंडेची पूड ही झाडाला दिलेली भेट वाटते, पण वर पडून ओली राहिलेली अशी वस्तू पहिल्यांदा बुरशीच खाते. पेंड द्यायचीच असेल तर थोडी, आणि मातीत मिसळून.

आता काढायचं कसं. तुम्ही खरवडलंत तेव्हा कदाचित ती सुकी होती. सुकी बुरशी खरवडली की बीजाणूंचा ढग उडतो. ते इतके सूक्ष्म असतात, बऱ्याच जातींत २ ते ५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), की श्वासातून थेट फुप्फुसात खोल जातात. म्हणून कुंडी बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीशी न्या, मूल दुसऱ्या खोलीत असू द्या, तुम्ही मास्क लावा. बुरशीवर स्प्रेने हलकं पाणी मारून ती बसवा. मग चमच्याने वरचा दोन सेंटिमीटर थर उचलून पिशवीत भरा आणि तोंड बांधून टाका. खालची माती काट्या-चमच्याने किंवा जाड काडीने हलकेच सैल करा, मुळं न तोडता. तेवढीच नवी, कोरडी माती वर घाला. मातीला टेकलेली खालची पानं आणि वाळलेला पाचोळा काढून टाका. त्यानंतर बोट सांगेपर्यंत पाणी बंद. खोलीतला पंखा लांबून, मंद चालू ठेवला तर पृष्ठभाग लवकर सुकतो. हलणारी हवा हा माझ्या मते सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपाय आहे.

बुरशी बरीच दिवस राहिली असेल तर आणखी एक बघा. तिच्या धाग्यांनी विणलेला मातीचा थर कधी कधी पाणी शोषेनासा होतो. वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली उतरतं, भोकातून वाहतं आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. मध्ये मुळं तहानलेलीच. मातीवरची बुरशी झाडाला त्रास देते ती अशी, आडमार्गाने. त्यासाठीही वरचा थर फोडून सैल करणं हाच इलाज.

कुंडीला खालून पाणी देणं उपयोगी पडतं. ताटलीत पाणी घेऊन कुंडी वीस-तीस मिनिटं ठेवायची, वर ओल जाणवली की उचलून निथळू द्यायची. पृष्ठभाग कमी भिजतो. पण सतत खालूनच दिलं तर क्षार वर साचत जातात, म्हणून महिना-दीड महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून वाहू द्या.

दालचिनीबद्दल तुम्ही विचारलंत. तिच्यातल्या सिनॅमाल्डिहाइडला बुरशीरोधक गुण आहे, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण मातीवर भुरभुरलेली पूड वरच्या वर राहते, धागे खाली, आणि ओल जशीच्या तशी. बुरशी परत येणारच होती. खाण्याचा सोडा टाकू नका. त्यातलं सोडियम मातीत साठून मुळांना जाचतं. व्हिनेगरही मातीत नको. हायड्रोजन पेरॉक्साइड (३ टक्क्यांचं, एका भागाला चार भाग पाणी) फवारलं तर समोर असलेली बुरशी मरते आणि त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं. एखाद्या वेळी चालेल, पण ते चांगले-वाईट जीव निवडून मारत नाही. बुरशीनाशकं घरात, मूल वावरतं तिथे, या कामासाठी वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. जमिनीवरच्या सुमारे ८० टक्के वनस्पतींची मुळं कुठल्या ना कुठल्या बुरशीशी देवाणघेवाण करतात. मृत पाचोळा कुजवून अन्नद्रव्यं मोकळी करणारीही बुरशीच. एका पांढऱ्या थरासाठी या सगळ्यांवर विष टाकायचं कारण नाही.

माती ओव्हनमध्ये भाजून निर्जंतुक करण्याचा सल्लाही कुणी देईल. साधारण ८२ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवलेल्या मातीतले बहुतेक रोगकारक मरतात, पण त्यांच्याशी स्पर्धा करणारे उपकारक जीवही जातात. मग रिकाम्या घरात जो पहिला शिरेल त्याचं राज्य. पायरोनेमा नावाची बुरशी वणव्यानंतरच्या जमिनीवर आणि काचघरात वाफवलेल्या मातीवर अशीच पसरते. बियाण्याच्या ट्रेसाठी तापवलेली माती समजू शकते, कारण कोवळी रोपं पिथियम किंवा रायझोक्टोनिया या मातीतल्या रोगकारकांमुळे बुडाशी कुजून कोलमडतात. वाढलेल्या झाडाला तिची गरज नसते.

बुरशीबरोबर मातीवरून उडणारी काळी चिलटं दिसली तर ती ओलीची दुसरी खूण. त्यांच्या अळ्या बुरशी खातात आणि संख्या वाढली की कोवळी मुळंही कुरतडतात. माती सुकू देणं आणि पिवळे चिकट सापळे तीन-चार आठवडे ठेवणं, म्हणजे त्यांचं एक पूर्ण चक्र संपेपर्यंत, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

मुलाच्या दम्याचं. एखाद-दुसऱ्या कुंडीवरच्या बुरशीने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. ॲलर्जी किंवा दमा असेल तर बीजाणूंमुळे शिंका, खोकला, धाप वाढू शकते. त्यामुळे मूल झोपतं त्या खोलीत तूर्त कुंडी ठेवू नका, आणि माती हलवायचं काम ते घरात नसताना करा. तरीही त्रास वाढताना दिसला तर डॉक्टरांना घरातल्या कुंड्यांबद्दल जरूर सांगा. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी खूप खाली आलेली असते, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा केमोथेरपी सुरू असलेले, त्यांच्यासाठी हा विषय आणखी गंभीर आहे. मातीत ॲस्परजिलस जातीच्या बुरशी असतात, म्हणून अशा रुग्णांच्या कक्षात कुंड्या आणि ताजी फुलं ठेवू देत नाहीत. नवी मातीची पिशवी उघडतानाही तोंड लांब ठेवा, धूळ उडू नये म्हणून थोडं पाणी शिंपडा आणि नंतर हात धुवा. पिशवीतल्या मातीत लेजिओनेला लाँगबीची हा जिवाणू असू शकतो आणि त्याच्या धुळीतून न्यूमोनिया होऊ शकतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा पिशव्यांवर तसा इशारा छापलेला असतो.

तर तुमच्या कुंड्या. मनी प्लांटला जवळजवळ काहीच करू नका. नव्या मिश्रणात सहज पचणारं अन्न भरपूर असतं, बुरशी त्यावर तुटून पडते आणि ते संपलं की दोन-चार आठवड्यांत आपोआप ओसरते. वरची माती सैल करा, पाणी लांबवा.

स्नेक प्लांट शोभेच्या कुंडीतून आजच बाहेर काढा. बाहेरच्या कुंडीच्या तळाशी पाणी साचलेलं सापडेल असा माझा अंदाज आहे. ते ओता. आतल्या कुंडीच्या भोकाशी नाक नेऊन वास घ्या. मातीचा वास आला तर उत्तम. गटारासारखा, कुजका वास आला तर झाड कुंडीतून काढून मुळं बघा. घट्ट, फिकट मुळं ठेवा. तपकिरी, मऊ, ओढल्यावर साल सुटणारी कापून टाका, आणि मोकळ्या मिश्रणात, मुळांपेक्षा जेमतेम मोठ्या कुंडीत लावा. या झाडाला माती पूर्ण सुकलेली चालते. कमी उजेडात दोन-तीन आठवडे पाणी न मिळाल्याने ते मरत नाही.

पीस लिलीच्या बुंध्याशी माती बोटाने बाजूला करा आणि नीट उजेडात बघा. पांढरे धागे पंख्यासारखे पसरलेले, त्यांत मोहरीएवढे पांढरे ते तपकिरी गोल दाणे, आणि देठ बुडाशी मऊ पडलेले असतील, तर ती स्क्लेरोशियम रोल्फसाय असू शकते. ही उबदार, दमट हवेत जिवंत झाडावर हल्ला करणारी बुरशी आहे, पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ती येते, आणि ते दाणे मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. तसं दिसलं तर झाड वाचवण्याच्या नादात बाकीच्या कुंड्या धोक्यात घालू नका. झाड आणि माती पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. कुंडी घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून, स्वच्छ धुवून मगच पुन्हा वापरा. खुरपं आणि कात्रीही तशीच धुवा.

दाणे नसतील आणि देठ टणक असतील, तर झाड बहुधा थोडं खोल लावलं गेलं आहे. बुंध्याभोवतीची माती काढून देठ जिथे फुटतात ती जागा उघडी करा, बुडाची पिवळी पानं कापा आणि कुंडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. पीस लिली पाणी कमी पडलं की पानं खाली झुकवून स्वतःच सांगते, म्हणून तिला थोडं कोरडं ठेवायला भिऊ नका. दोन आठवड्यांनी बुंधा पुन्हा तपासा. देठ स्वच्छ आणि घट्ट असले, तर ती कुंडी परत जागेवर ठेवायला हरकत नाही.